कर्नलची कॉशन ऑर्डर

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत माझी बहीण राहते. तिच्या मुलाने इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एक जुना लॅपटॉप विकत घेतला आणि हौसेने त्यावर लिनक्स चढवलं. चार दिवस मशीन नीट चाललं. मग त्याच्या अंगात येऊ लागलं. कधी ब्राउझर आपोआप बंद पडायचा, कधी फाइल उघडली की अक्षरांचा काला, कधी सगळंच गोठून जायचं. दिवाळीला मी गेलो तेव्हा भाच्याने लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. "मामा, हे कधी बी बसून जाते. विंडोज टाकून पाह्यलं, तरी तेच करून राहिलं."

दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम एकाच तऱ्हेने कोसळत असतील, तर संशय सॉफ्टवेअरवरून उठवून हार्डवेअरवर न्यावा. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ सुरू करून ठेवलं. हा छोटासा प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक पत्त्यावर ठराविक नमुने लिहितो, परत वाचतो आणि लिहिलेलं तेच निघालं का ते पाहतो. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. गंमत म्हणजे त्या सगळ्या एकाच वळचणीच्या होत्या. ४ जीबी मेमरीपैकी सुरुवातीपासून १३१२ एमबी गेलं की लगेचच काही पत्ते चुकत होते. बाकी सगळी मेमरी ठणठणीत.

रॅमची पट्टी सुटी असती तर बदलून टाकली असती. पण या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाग देऊन पक्की केलेली. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा भाच्याने लॅपटॉपसाठी मोजलेल्या पैशांच्या वर जात होता. म्हणजे ४०९६ एमबींपैकी एका एमबीत खोट, आणि तेवढ्यासाठी सगळं मशीन भंगारात.

तसं करायची गरज नव्हती. लिनक्सच्या कर्नलला सुरू होतानाच सांगता येतं की बाबा रे, अमुक पत्त्यापासून इतकी जागा सोडून दे, तिकडे पाऊल टाकू नकोस. त्यासाठी कर्नलच्या नावापुढे एक लहानसा मजकूर लिहायचा: मेममॅप=१एम$१३१२एम. (कळफलकावर हे अर्थात रोमन अक्षरांत.) डॉलरच्या आधी किती जागा, डॉलरनंतर कुठपासून. मी हे कागदावर लिहून भाच्याला समजावत होतो. शेजारी भाऊजी चहा पीत बसले होते. आयुष्यभर मालगाड्या आणि एक्सप्रेस चालवून ते लोको पायलट म्हणून निवृत्त झाले. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे तं कॉशन ऑर्डर झालं नं जी!"

संगणकाच्या पुस्तकांतून मी या विषयाची बरीच स्पष्टीकरणं वाचली आहेत. इतकं नेमकं एकही नव्हतं.

कॉशन ऑर्डर म्हणजे काय, ते बडनेऱ्यात निम्म्या घरांना ठाऊक असेल, इतरांसाठी सांगतो. पुढच्या टप्प्यात कुठे रूळ बदलण्याचं काम चालू आहे, कुठे पुलाची दुरुस्ती आहे, कुठे पावसाने भराव खचलाय, अशा जागा लिहिलेला कागद ठरलेल्या स्टेशनवर लोको पायलटच्या हातात देतात. या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंत, ताशी इतका वेग, कारण हे. रेल्वेत या फॉर्मचा नंबर टी/४०९. पायलट त्यावर सही करतो. पुढे काहीच अडचण नसली तरी 'काही नाही' असं सांगणारा निराळा फॉर्म असतो. गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक, असं रेल्वे मानत नाही. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्या कागदासाठी कोणी इंजिन उघडत नाही, वेळापत्रक नव्याने छापत नाही. इंजिन तेच आणि चालवणारा तोच. फक्त आज, या मार्गावर, एवढं सांभाळ.

कर्नलचा बूट पर्याय हाच कागद आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरवर आता कोण बसणार, डिस्कशी आणि कळफलकाशी कोण बोलणार, हे सगळं तो ठरवतो. तो एकदा बांधला, म्हणजे कंपाइल केला, की लाखो वेगवेगळ्या मशीनवर जसाच्या तसा जातो. ज्यांनी तो बांधला त्यांनी भाच्याचा लॅपटॉप कधी पाहिलेला नसतो. १३१२ एमबीच्या पुढची खोट त्यांना कळणार कशी? ती कळते मशीनसमोर बसलेल्या माणसाला. त्या माणसाने कर्नलशी दोन शब्द बोलावेत म्हणून ठेवलेली फट म्हणजे ही ओळ.

बोलायचं कधी, तर कर्नल जागा होण्याच्या क्षणी. मशीन चालू केलं की आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर उठतं. ते बूटलोडरला उठवतं. लिनक्समध्ये बहुतेक वेळा हा ग्रब नावाचा प्रोग्राम असतो. ग्रब डिस्कवरून कर्नल उचलून मेमरीत ठेवतो, त्याच्याजवळ ही ओळही ठेवतो, तिचा पत्ता ठरलेल्या जागी लिहितो आणि सूत्रं कर्नलच्या हाती देऊन बाजूला होतो. इंटेल जातीच्या प्रोसेसरवर ही ओळ २०४८ अक्षरांत मावावी लागते. कर्नल उठल्याबरोबर आपल्या दैनंदिनीत ती जशीच्या तशी उतरवून घेतो, आणि मशीन चालू असताना 'प्रॉक' फोल्डरमधली 'सीएमडीलाइन' ही फाइल उघडली की आपल्यालाही वाचता येते. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्यातही लिनक्सचाच कर्नल आहे आणि त्यालाही बूटलोडर अशी ओळ देतो. फक्त ती लिहायला तुम्हाला कोणी बोलावत नाही.

भाच्याने ग्रबच्या पडद्यावर 'ई' दाबून कर्नलची ओळ उघडली, शेवटी आमचा मजकूर लिहिला आणि बूट केलं. पडदा काळा झाला आणि मशीन मेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. भाऊजी म्हणाले, "ऑर्डरवर नंबर चुकला काय?" नंबर बरोबर होता. चूक मधल्या हमालाची. ग्रबच्या भाषेत डॉलरच्या चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे. डॉलरपुढे आकडा आला की तो त्याला बदलत्या मजकुराची जागा समजतो, आणि तिथे भरायला काही सापडलं नाही की तेवढा भाग गाळून टाकतो. कर्नलपर्यंत पोचलं ते जेमतेम 'मेममॅप=१एम'. आणि नुसत्या त्या मजकुराचा कर्नलच्या लेखी अर्थ अगदी वेगळा: या मशीनमध्ये एकूण मेमरी १ एमबीच आहे. आज्ञाधारक कर्नलने उरलेली ४०९५ एमबी सोडून दिली आणि जीव दिला. डॉलरच्या आधी एक उलटी तिरपी रेघ दिली की ग्रब त्याला हात लावत नाही. पण हाच मजकूर कायमचा करायला ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत लिहिला, तर एक रेघ पुरत नाही, तीन द्याव्या लागतात, कारण तिथून तो दोनदा चाळला जातो. या तीन रेघांनी किती लोकांच्या रात्री खाल्ल्या असतील, त्याची गणती नाही.

रेघ दिल्यावर मशीन सरळ चालू झालं. बूट होतानाच्या नोंदींमध्ये १३१२ एमबीपासूनचा तुकडा 'राखीव' म्हणून दिसत होता. इथे एक बारीक प्रश्न भाच्याने विचारला, आणि तो मला आवडला. कर्नल स्वतःच नेमका त्या खराब जागेवर जाऊन बसला तर? हल्लीचे कर्नल सुरक्षेसाठी दर वेळी मेमरीत वेगळ्या ठिकाणी उतरतात. चिठ्ठी वाचण्याआधीच खड्ड्यात पडले, तर चिठ्ठीचा उपयोग काय? हा प्रश्न कर्नल लिहिणाऱ्यांनाही पडला होता. म्हणून कर्नल डिस्कवरून गुंडाळलेल्या, म्हणजे कॉम्प्रेस केलेल्या, अवस्थेत येतो तेव्हा त्याची घडी उलगडणारा छोटा प्रोग्रामच ही ओळ आधी चाळतो आणि 'मेममॅप'ने वर्ज्य केलेल्या चारपर्यंत जागा टाळून कर्नलला उतरवतो.

आता थोडं मागे जातो, कारण ही ओळ पहिल्या दिवसापासून नव्हती. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली आवृत्ती काढली, ती त्याच्या टेबलावरच्या एका मशीनसाठी. मुख्य फाइल सिस्टीम कोणत्या डिस्कच्या कोणत्या भागावर आहे, हे कर्नल बांधतानाच त्यात कोरलेलं असे: बूट सेक्टरच्या ५०८व्या बाइटपासून दोन बाइट. डिस्क बदलली की कर्नल नव्याने बांधा, नाहीतर 'आरडेव्ह' नावाच्या हत्याराने त्या दोन बाइटवर नवा आकडा गिरवा. म्हणजे इंजिनावर छिन्नीने खोदलेली कॉशन ऑर्डर. एका माणसाच्या एका मशीनपुरतं ठीक होतं. लिनक्स घरोघर जायला लागलं तशी छिन्नी पुरेना.

नव्वदच्या दशकात ही ओळ किती कामाची होती, हे त्या काळी लिनक्स वापरलेल्यांना विचारा. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची, ती घेऊन आमच्यासारखे लोक रात्ररात्र बसत. तेव्हाचा बूटलोडर लिलो. तो आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून पडद्यावर काढायचा. काम एकेक पायरी पुढे सरकलं की एक अक्षर. 'एल' आणि 'आय' येऊन थांबला, तर समजायचं की दुसऱ्या टप्प्यात पाय अडकला. चारही अक्षरं आली की जीव भांड्यात.

तेव्हाचा सगळ्यात गाजलेला पर्याय म्हणजे 'मेम='. मशीनमध्ये किती मेमरी आहे हे कर्नल बायॉसला, म्हणजे तेव्हाच्या फर्मवेअरला, विचारत असे. बायॉस उत्तर द्यायचा १६ बिटांच्या एका खणात, आणि मोजायचा केबीमध्ये. १६ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ६५,५३५. म्हणजे ६४ एमबीला एक केबी कमी. त्यापुढची मेमरी मोजायला त्या खणात जागाच नव्हती. ज्याने पदरचे पैसे मोडून १२८ एमबी टाकली, त्यालाही लिनक्स निम्मीच दाखवायचं. मग लिलोच्या फाइलीत 'मेम=१२८एम' लिहायचं, लिलो पुन्हा चढवायचा, की झालं. पायली मोठी करून दिल्याशिवाय धान्य मोजता येत नाही, त्यातला प्रकार. पुढे बायॉसने ई८२० नावाची नवी पद्धत आणली. तीत मेमरीचा सगळा नकाशाच तुकड्यातुकड्याने मिळतो. त्यामुळे 'मेम='ची गरज सामान्य माणसाला उरली नाही. आमचा 'मेममॅप' त्याच नकाशावर खाडाखोड करतो.

दुसरा छळ होता जुन्या पीसीत खोचायच्या आयएसए कार्डांचा. आजची कार्डं कर्नलने विचारलं की नाव, गाव, कंपनी सांगतात. आयएसएच्या जमान्यातलं नेटवर्क कार्ड काहीच सांगत नसे. ते कोणत्या पत्त्यावर आहे, कोणत्या इंटरप्टवर हाक मारतं, हे कार्डावरच्या जंपरच्या टोप्यांवर ठरे. ड्रायव्हर बिचारा अंदाजाने एकेक पत्ता ठोठावत जायचा. एखाद्या दारामागे दुसरंच कार्ड झोपलेलं असलं, तर ते दचकून उठायचं आणि सगळं मशीन गोठवायचं. त्यावर दोन पर्याय होते. 'ईथर=' लिहून कार्डाचा इंटरप्ट आणि पत्ता सरळ सांगून टाकायचा. आणि 'रिझर्व्ह=' लिहून सांगायचं की या पत्त्यांची दारं वाजवूच नकोस.

असा एखादा पर्याय कर्नलमध्ये नव्याने घालायचा असेल तर काय करावं लागतं? वाटतं तेवढं अवघड नाही. समजा, एखाद्या जिनिंग फॅक्टरीतल्या वजनकाट्याला जोडायचं एक जुनं कार्ड आहे. त्याचा पत्ता जंपरवर ठरतो आणि ते स्वतः काही बोलत नाही. आपण त्याचा ड्रायव्हर लिहितोय आणि आपल्याला 'काटा=' असा पर्याय हवा आहे. सी भाषेत एक छोटं फंक्शन लिहायचं. त्याला बरोबरच्या चिन्हापुढचा मजकूर मिळतो. तो आकड्यात बदलायचा, आकडा वाजवी आहे का ते पाहायचं आणि एका चलात ठेवून द्यायचा. फंक्शनच्या खाली एक ओळ: 'सेटअप' नावाच्या मॅक्रोला पर्यायाचं नाव आणि फंक्शनचं नाव देऊन टाकायचं. झालं. ड्रायव्हर पुढे सुरू होईल तेव्हा त्या चलात पाहील.

पण कर्नलला कसं कळलं, की 'काटा=' आला तर हे फंक्शन बोलवायचं? कर्नलच्या हजारो फाइली, त्यांत असे शेकडो पर्याय, आणि त्यांची एकत्र वही कोणीच ठेवत नाही. खरी कारागिरी इथे आहे. तो मॅक्रो एक लहानशी नोंद तयार करतो: नाव काय, फंक्शन कुठे, लवकर बोलवायचं की उशिरा. आणि त्या नोंदीवर शिक्का मारतो की हिला अमुक विभागात टाका. सगळ्या फाइली कंपाइल होऊन एकत्र जोडल्या जातात तेव्हा जोडणारा प्रोग्राम, म्हणजे लिंकर, तो शिक्का असलेल्या सगळ्या नोंदी जिथून तिथून उचलतो आणि एकाला एक लावून ठेवतो. गावोगावच्या बंड्या जिनिंगच्या आवारात रिकाम्या होतात आणि सगळा कापूस एकाच गंजीत येतो, तसं. गंजीच्या दोन टोकांना दोन खुंट्या ठोकलेल्या असतात. बूट होताना कर्नल पहिल्या खुंटीपासून दुसरीपर्यंत चालत जातो आणि ओळीतला प्रत्येक शब्द प्रत्येक नोंदीशी ताडून पाहतो. नव्या ड्रायव्हरवाल्याला दुसऱ्या कोणाच्या फाइलीला हात लावावा लागत नाही.

बूट संपलं की ही गंजी, ती वाचणारी फंक्शनं, सगळं कर्नल मेमरीतून पुसून ती जागा परत वापरात घेतो. तशी नोंदही करतो. चिठ्ठी वाचून झाल्यावर चिठ्ठी वाचणाऱ्या कारकुनाची खुर्चीसुद्धा उचलायची, इतका हा हिशेबी कारभार.

खाचखळगेही आहेत. 'सेटअप'ची ताडणी नोंदीतल्या नावाच्या लांबीपुरतीच होते. बरोबरचं चिन्ह विसरून नुसतं 'काटा' असं नाव दिलं तर 'काटाकाटी' लिहिणाऱ्याचा मजकूरही आपल्याच फंक्शनच्या गळ्यात पडतो. दुसरं म्हणजे, काही पर्याय अगदी पहाटे लागतात. मेमरीचं वाटप सुरू होण्याआधी मेममॅप वाचून झालाच पाहिजे. त्यांच्यासाठी 'अर्ली परॅम' हा वेगळा मॅक्रो आहे. त्या वेळी कर्नलमध्ये मेमरी मागायचीही सोय नसते, म्हणून फंक्शन अगदी सडंफटिंग लिहावं लागतं. आणि इथे एक अशी विसंगती आहे की ती ऐकून माणसाने कपाळाला हात लावावा. काम नीट झालं हे सांगायला पहाटेच्या फंक्शनने शून्य परत करायचं, आणि नंतरच्या 'सेटअप' फंक्शनने एक. कर्नलमध्ये इतर बहुतेक ठिकाणी शून्य म्हणजे यश. साहजिकच अनेकांनी सवयीने 'सेटअप'मध्येही शून्य परत केलं, आणि कर्नलला वाटलं हा पर्याय कोणी घेतलाच नाही. २०२२ साली रँडी डनलॅप या जुन्या जाणत्या कर्नलकाराने अशा जागा शोधून शोधून दुरुस्त्या पाठवल्या. वर्षानुवर्षं त्या चुका कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, कारण पर्याय चालत होते. फक्त कर्नल त्यांना बेवारस समजत होता.

बेवारस शब्दाचं कर्नल करतो काय? फेकत नाही. त्यात बरोबरचं चिन्ह असेल तर तो शब्द पहिल्या प्रोसेसच्या, म्हणजे 'इनिट'च्या, वातावरणात टाकतो. नसेल तर तिच्या हातात देतो. हेतू चांगला, पण यामुळे स्पेलिंग चुकलं तरी कोणी बोलत नसे. 'मेममॅप'मधला एखादा 'एम' गळाला तर मशीन आनंदाने सुरू व्हायचं आणि खराब जागेत जाऊन पडायचं. २०२१पासून कर्नल निदान एक ओळ छापतो की हे हे शब्द मला कळले नाहीत, पुढे पाठवतोय. माणसाच्या हाताला आणखी एक सवलत आहे: नावात आडवी रेघ लिहिली काय आणि अधोरेखा लिहिली काय, कर्नल दोन्ही एकच धरतो.

नवीन ड्रायव्हरला मी 'सेटअप' वापरा असं सांगणार नाही. मॉड्यूलचा पर्याय ही त्याहून बरी वाट. तिथे नाव 'काटा.पत्ता=' असं होतं, आधी ड्रायव्हरचं नाव, मग टिंब, मग पर्याय. ड्रायव्हर कर्नलमध्ये पक्का बसवलेला असो की नंतर चढवलेला, एकच नाव चालतं, आणि मूल्य चालू मशीनवर वाचताही येतं.

कर्नलसोबत या सगळ्या पर्यायांची एक फाइल येते. काही हजार ओळींची आहे. प्रत्येक पर्यायापुढे चौकटी कंसात खूण असते, तो हार्डवेअरचा आहे, की अमुक प्रोसेसरपुरता, की आणखी कशाचा. ती वाचायला कंटाळवाणी आहे असं लोक म्हणतात. मला ती एखाद्या जुन्या हवालदाराच्या डायरीसारखी वाटते. दर दोन ओळींमागे कुठल्या तरी कार्डाने कुणाला तरी दगा दिलेला असतो.

या चिठ्ठीचा आमच्या भागाशी लांबचा एक धागा आहे, तो सांगायचा मोह होतो. बडनेऱ्याहून मुंबईकडे निघालं की मूर्तिजापूर लागतं. त्या तालुक्यातल्या मुरंब्यात १९४६ साली विजय भटकरांचा जन्म झाला. पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, म्हणजे टोरवाल्ड्स आपल्या खोलीत लिनक्स लिहीत होता त्याच वर्षी. परममध्ये इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर जातीच्या चिपा होत्या. ट्रान्सप्युटरची उठायची पद्धत मोठी मजेची. चिपेच्या एका पायावर ठरतं की तिने जवळच्या रॉममधून उठायचं, की शेजाऱ्याने पाठवलेल्या मजकुरावर. दुसरा मार्ग निवडला तर ती आपल्या चार दुव्यांवर कान लावून बसते. पहिला बाइट शून्य आला तर एका पत्त्यावर एक शब्द लिहायचा. एक आला तर एक शब्द वाचून सांगायचा. दोन किंवा त्याहून मोठा आकडा आला, तर तितके बाइट प्रोग्राम म्हणून घ्यायचे आणि चालू पडायचं. शेकडो चिपांना रॉम नको, डिस्क नको. एकीने दुसरीला उठवायचं. अशा जाळ्यात किती चिपा आहेत आणि कोण कोणाला जोडलंय, हे शोधत फिरणाऱ्या प्रोग्रामांना त्या जगात 'वर्म' म्हणत. घरच्या पीसीला एक माणूस चिठ्ठी देतो. तिथे चिठ्ठ्या एकमेकींनाच.

दुसरा धागा पुण्याचाच आणि थेट लिनक्सचा. चालू कर्नलला मधेच थांबवून त्याची नाडी तपासायचं केजीडीबी नावाचं साधन आहे. दोन मशीन सीरियल केबलने जोडायची, एकावर कर्नल, दुसऱ्यावर तपासनीस. कर्नलमध्ये असं काही घालायला टोरवाल्ड्सचा विरोध होता. डीबगरची कुबडी घेतली की माणूस कोड नीट वाचत नाही, असं त्याचं मत. त्यामुळे कित्येक वर्षं हे साधन कर्नलच्या बाहेर, पॅच म्हणून जगलं. ते जगवणाऱ्यांत पुण्याचे अमित काळे हे नाव ठळक आहे. कर्नलमधल्या केजीडीबीच्या फाइलीच्या माथ्यावर ते आजही आहे. २००८च्या जुलैत आलेल्या २.६.२६ या आवृत्तीत, जेसन वेसेल यांच्या हातून नव्याने बांधणी होऊन, केजीडीबी अखेर कर्नलमध्ये आलं. त्याचे दोन बूट पर्याय आहेत. 'केजीडीबीओसी=' सांगतो की तपासनीस कोणत्या पोर्टवर, किती वेगाने बोलेल. 'केजीडीबीवेट' सांगतो की तपासनीस आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. यांचा क्रम उलटा लिहिला तर फसगत. कर्नल थांबायला तयार, पण कोणत्या दाराशी थांबायचं हे त्याला अजून कळलेलं नाही. इतर बहुतेक पर्याय कसेही मागेपुढे चालतात, इथे चालत नाहीत.

एवढं सगळं सांगून मी आता उलट बाजूने बोलणार आहे. कर्नलची जाणती मंडळी नवा बूट पर्याय आला की कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पर्याय घालणं सोपं आहे हीच त्यातली गोम. ड्रायव्हरला जे स्वतः शोधता आलं असतं ते माणसाच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येतं. एखाद्या लॅपटॉपचा पडदा एका पर्यायाने सुरू होतो असं कळलं, की तो उपाय तोंडोतोंडी पसरतो आणि ज्यांना तो आजार नाही तेही औषध घेऊन बसतात. म्हणून बरी वाट अशी: प्रत्येक मशीनचं फर्मवेअर आपली कंपनी आणि मॉडेल एका तक्त्यात सांगतं. कर्नलमध्ये खोडकर मशीनच्या याद्या ठेवलेल्या असतात. नाव जुळलं की उपाय आपोआप लागू, मालकाला पत्ताही लागत नाही. बूट पर्याय हा या यादीत जाण्याआधीचा तात्पुरता मुक्काम असावा. पण भाच्याच्या लॅपटॉपची खोट कुठल्या यादीत घालणार? ती त्या मॉडेलची खोट नाही, त्या एकाच नगाची आहे. तिथे चिठ्ठीला पर्याय नाही.

आणि चिठ्ठी लिहायची सोय म्हणजे दार उघडं हेही खरं. 'इनिट=' या पर्यायाने पहिली प्रोसेस म्हणून थेट शेल, म्हणजे आज्ञा घेणारा प्रोग्राम, उठवता येतो, आणि मग पासवर्ड न विचारता मशीन हातात येतं. चार लोकांचा हात लागणाऱ्या मशीनवर ग्रबला पासवर्ड घालावा आणि डिस्क एन्क्रिप्ट करावी.

त्या दिवशी दुपारी लॅपटॉप सहा तास सलग चालला. भाऊजींनी कागद परत एकदा वाचला. "आमच्याकडे रुळाचं काम झालं का ऑर्डर कॅन्सल होते," ते म्हणाले. "ही कधी होते?"

मी म्हटलं, "रॅम नीट झाल्यावर." रॅम काही नीट होणार नव्हती, म्हणून तो प्रश्न तिथेच राहिला.

दोन वर्षांनी भाच्याला नोकरी लागली, त्याने नवा लॅपटॉप घेतला. जुन्यातली एसएसडी काढून जशीच्या तशी नव्यात बसवली. लिनक्समध्ये हे बहुतेक वेळा खपून जातं. परवा त्याच्याकडे काही तरी दुसरंच पाहत असताना मी सहज ती 'सीएमडीलाइन' फाइल उघडली. १६ जीबीची कोरी करकरीत, निरोगी मेमरी, आणि ओळीच्या शेवटी: मेममॅप=१एम$१३१२एम. कर्नल अजूनही तिथे पाऊल टाकत नव्हता.

"राहू दे का काढून टाकू, मामा?" भाच्याने विचारलं. तीन तिरप्या रेघांची ती फाइल पुन्हा उघडायचं माझ्या जिवावर आलं.

"राहू दे," मी म्हटलं.